'गिव्ह अप'मध्ये देणेही नाही आणि वर जाणेही नाही : इंग्रजी क्रियापदांच्या शेपट्यांविषयी

निळी_शाई

गेली अनेक वर्षे माझे बरेचसे लेखन इंग्रजीत होते. काळ, वाच्य, एकवचन, अनेकवचन यांची भीती आता वाटत नाही. परंतु क्रियापदाच्या मागे एखादा 'अप', 'ऑफ' किंवा 'आउट' लागलेला दिसला की आजही पाय अडखळतो. 'गिव्ह' म्हणजे देणे आणि 'अप' म्हणजे वर, हे अगदी पहिल्या धड्यातले ज्ञान आहे. मग 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे कसे झाले? त्यात कोणी कोणाला काही देत नाही आणि वर तर काहीच जात नाही. 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणे, 'पुट आउट' म्हणजे विझवणे, 'पुट अप' म्हणजे एखाद्याची राहण्याची सोय करणे, आणि त्यालाच पुढे 'विथ' चिकटवले की निमूटपणे सोसणे! ठेवण्याच्या क्रियेचा यांपैकी एकाशीही धड संबंध दिसत नाही.

हा धागा काढण्याचे तात्कालिक कारण सांगते. एका तक्रारीला उत्तर देताना मला 'आम्ही या प्रकरणाची चौकशी करू' असे म्हणायचे होते, आणि मी 'लुक इन्टू'ऐवजी 'लुक आफ्टर' लिहून मोकळी झाले. तक्रारदाराने उलट टपाली कळवले की, आपण हे प्रकरण गेले तीन महिने उत्तम सांभाळत आहात, आता कृपया ते संपवावे.

माझा प्रश्न असा आहे की या जोड्यांमागे काही व्यवस्था आहे, की पाढ्यांप्रमाणे त्या पाठच कराव्या लागतात? याद्या करून पाहिल्या आहेत. आठवडाभर लक्षात राहतात आणि नेमक्या लिहिण्याच्या वेळी दगा देतात.

तिरकस

इंग्रज मनुष्य झाड आधी 'कट डाउन' करतो आणि मग तेच झाड 'कट अप' करतो. त्या झाडाची जी अवस्था होते तीच आपली.

जुना_मास्तर

निळी_शाई, तुमच्या प्रश्नात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि त्या आधी सोडवून घ्याव्या लागतील, कारण याद्या लक्षात न राहण्याचे अर्धे कारण तिथेच आहे.

क्रियापदानंतर येणारा प्रत्येक छोटा शब्द प्रेपोझिशन, म्हणजे आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा, नसतो. 'ही रॅन अप द हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल' ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात 'अप'चे नाते टेकडीशी आहे. तो टेकडीवर धावत गेला. म्हणून 'अप द हिल ही रॅन' असे थोडे काव्यमय ढंगाने उलटवताही येते. दुसऱ्यात 'अप'चे नाते धावण्याशी आहे. 'रन अप' मिळून थकबाकी साचवणे असा अर्थ होतो, आणि 'अप अ बिल ही रॅन' असे कोणीही म्हणणार नाही. या दुसऱ्या प्रकारच्या शब्दाला व्याकरणकार पार्टिकल म्हणतात आणि अशा जोडीला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. हे नाव लेखक लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ साली छापले आणि ते आपल्याला कोशकार हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचेही त्यांनी नोंदवले आहे.

ओळखण्याची व्यवहारातील खूण सर्वनामाची आहे. 'टर्न ऑफ द लाइट' चालते, 'टर्न द लाइट ऑफ'ही चालते. परंतु दिव्याच्या जागी 'इट' आले की 'टर्न इट ऑफ' हेच एक रूप उरते आणि 'टर्न ऑफ इट' कानाला खटकते. याउलट 'लुक आफ्टर हिम'मध्ये 'हिम'ला मध्ये घुसवता येत नाही, कारण तेथील 'आफ्टर' हा खरा प्रेपोझिशन आहे आणि तो आपले नाम सोडत नाही. दुसरी खूण उच्चाराची आहे. 'लुक ॲट इट' म्हणताना जोर 'लुक'वर पडतो, तर 'लुक इट अप' म्हणताना तो 'अप'वर जातो. कान तयार असलेल्या माणसाला ही दुसरी खूण पुस्तकातल्या कोणत्याही नियमापेक्षा अधिक उपयोगी पडते.

आपले 'लुक इन्टू' आणि 'लुक आफ्टर' हे दोन्ही न तुटणारे आहेत. तेव्हा चूक झाली ती अर्थाची; रचना तुमची बरोबरच होती, याचे समाधान मानावे.

अनुवादिका

मास्तरांनी सांगितलेला भेद बरोबर आहे, परंतु तो कळल्याने 'गिव्ह अप'चे कोडे सुटत नाही. माझे मत असे की आपण चुकीच्या दाराशी उभे राहून ते वाजवत आहोत. 'अप' दिसला की आपण मराठीतल्या 'वर'कडे धावतो. प्रत्यक्षात त्याच्यासारखे काम करणारी वस्तू मराठीत वेगळ्याच ठिकाणी आहे, ती म्हणजे आपली संयुक्त क्रियापदे.

धागाकर्तीनेच वर लिहिले आहे की 'लिहून मोकळी झाले'. यात ती कोठे बंधनात होती आणि कशातून सुटली? काहीच नाही, एखादी गोष्ट फारसा विचार न करता उरकली, एवढीच छटा त्या 'मोकळी होण्या'ने आली. तसेच 'खा' आणि 'खाऊन टाक' यांत फेकण्याचा प्रश्नच नाही, तरी दुसऱ्यात काही उरू नये असा भाव आहे, आणि इंग्रजीत तेच काम 'ईट'ला जोडलेला 'अप' करतो. 'शोधणे' म्हणजे 'लुक फॉर' आणि 'शोधून काढणे' म्हणजे 'फाइंड आउट'. येथे तर 'काढणे' आणि 'आउट' यांची चालही एकच आहे. 'लिहून घेणे' म्हणजे 'राइट डाउन'. 'बोलून जाणे' म्हणजे नको ते तोंडातून निसटणे, ज्याला इंग्रजीत 'ब्लर्ट आउट' म्हणतात.

आता गंमत पाहा. 'गिव्ह अप' म्हणजे 'सोडून देणे'. हा अर्थ धागाकर्तीने स्वतःच दिला आणि लगेच विचारले की यात कोणी कोणाला काय दिले! मग मराठीतल्या 'देणे'ने तरी कोणाला काय दिले?

निळी_शाई

अनुवादिका, मी ते वाक्य लिहिले, तीनदा वाचले आणि तरीही ते 'देणे' मला दिसले नाही. आपल्या भाषेतील विचित्रपणा इतका पायाखालचा असतो की त्यावर नजरच जात नाही.

जुना_मास्तर

उपमा सुंदर आहे, परंतु ती पूर्ण लागू होत नाही, हे नोंदवणे भाग आहे. 'सोडून देणे'चा मुख्य अर्थ 'सोडणे'तून येतो आणि 'देणे' त्याला केवळ छटा देते. 'गिव्ह अप'मध्ये मुख्य अर्थ 'गिव्ह'मध्ये सापडत नाही. म्हणजे 'ईट अप' तुमच्या चौकटीत नीट बसते, 'गिव्ह अप' बसत नाही.

अनुवादिका

मान्य, पण अर्धेच मान्य. ज्या जोड्यांत अर्थ दोन्ही शब्दांच्या बाहेर असतो त्यांच्यासाठी मराठीत 'मनावर घेणे', 'अंगावर घेणे', 'डोक्यावर घेणे', 'हाती घेणे' आहेत. यांत काही 'घेतलेले' दिसते का? 'त्याने ते काम अंगावर घेतले' याला इंग्रजीत 'टेक ऑन' म्हणतात आणि 'ऑन' म्हणजे नेमके 'वर'! शिवाय 'गिव्ह अप' पूर्णपणे निराधारही नाही. किल्ला किंवा शस्त्र शत्रूच्या स्वाधीन करणे यालाही 'गिव्ह अप'च म्हणतात. तेथे देणे अगदी खरे आहे. सवय सोडणे किंवा प्रयत्न सोडणे हे त्याच स्वाधीन करण्याचे पुढचे पाऊल वाटते.

गणिती

मी एका रविवारी बसून 'अप'ची वर्गवारी केली होती. प्रत्यक्ष वरची दिशा ('स्टँड अप', 'पिक अप'), पूर्णता ('यूज अप', 'ड्राय अप', 'टिअर अप'), वाढ ('स्पीड अप', 'स्पीक अप'), जवळ येणे ('वॉक अप टू', 'कॅच अप') आणि बंदिस्त करणे ('लॉक अप', 'टाय अप') असे पाच गट झाले. शंभरातील बऱ्याच जोड्या या पाचांत बसल्या. जे उरले त्यांना मी 'संकीर्ण' असे नाव दिले आणि तो गट सर्वांत मोठा निघू नये म्हणून काम तिथेच थांबवले.

तिरकस

म्हणजे तुम्ही 'गिव्ह अप' केले.

वेदपाठी

संस्कृतचा थोडाफार संस्कार असलेल्या कोणालाही हा सारा प्रकार ओळखीचा वाटायला हवा. जुना श्लोक आहे :

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते ।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥

उपसर्ग धातूच्या अर्थाला जबरदस्तीने दुसरीकडे ओढून नेतो, याचा यापेक्षा नेमका दाखला मला माहीत नाही. धातू एकच 'हृ', म्हणजे नेणे. पण प्रहारात मारणे आहे, आहारात खाणे, संहारात नाश, विहारात रमणे आणि परिहारात टाळणे. 'बलात्' हा शब्द विशेष लक्षात घ्यावा, कारण आपली तक्रारही तीच आहे. फरक इतकाच की संस्कृतातील बावीस उपसर्ग धातूच्या पुढे उभे राहतात आणि इंग्रजीतील मागे.

हा फरकही वाटतो तितका पक्का नाही. उपसर्ग धातूच्या आधी येतात असे पाणिनीने सांगितले आणि लगेच पुढच्या दोन सूत्रांत वेदभाषेसाठी सूट दिली : 'छन्दसि परेऽपि' आणि 'व्यवहिताश्च'. म्हणजे वेदांत ते धातूच्या नंतरही येतात आणि मध्ये दुसरे शब्द घेऊनही येतात. मास्तरांचे 'टर्न द लाइट ऑफ' वाचून मला पहिल्यांदा हीच सूत्रे आठवली.

रानवारा

वेदपाठी, प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली आहे.

आता थोडे जमिनीवर येतो. माझा अनुभव शिकवणारा आहे आणि लाजिरवाणाही. एक बैठक सोमवारची गुरुवारवर गेली होती. मराठीत आपण बैठक 'पुढे ढकलतो', म्हणून मी सर्वांना बेधडक 'द मीटिंग हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड' असे कळवले आणि नवा दिवस लिहायचा राहून गेला. इंग्रजीत 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे ठरल्यापेक्षा अलीकडे आणणे. परिणामी तीन जण आदल्या आठवड्यातील शुक्रवारीच येऊन बसले, एकाने सोमवारी येऊन दार उघडून पाहिले, आणि ज्या गुरुवारी बैठक होती त्या दिवशी मी एकटाच वेळेवर हजर होतो.

नंतर विचार केला तेव्हा जाणवले की दोन्ही भाषा 'पुढे'च म्हणतात, पण उभे राहण्याची जागा वेगळी आहे. मराठीत आपण बैठकीच्या मागे उभे राहून तिला आपल्यापासून दूर ढकलतो. इंग्रज 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणतो तेव्हा तो बैठकीला स्वतःकडे चालत यायला सांगतो. लांबणीवर टाकताना तो 'पुश बॅक' म्हणतो, म्हणजे येणाऱ्या बैठकीला मागे रेटतो. अव्यय पाठ करण्याऐवजी बोलणारा कोठे उभा आहे हे पाहिले असते तर माझा शुक्रवार, सोमवार आणि गुरुवार वाचला असता.

निळी_शाई

हा प्रतिसाद मी छापून भिंतीवर लावणार आहे.

आणखी एक उपप्रश्न. एकाच अर्थासाठी इंग्रजीत दोन दोन सोयी का आहेत? 'पोस्टपोन' असताना 'पुट ऑफ', 'टॉलरेट' असताना 'पुट अप विथ', 'एक्स्टिंग्विश' असताना 'पुट आउट'. पहिला शब्द सरळ आणि सभ्य वाटतो. मग बोलताना सगळे दुसराच का वापरतात?

जुना_मास्तर

कारण 'पोस्टपोन' आपल्याला सरळ वाटतो, त्यांना नाही. इंग्रजीचा तळ जर्मॅनिक आहे आणि १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर राज्यकारभार, न्याय आणि उच्च समाज यांची भाषा दीर्घकाळ फ्रेंच राहिली. विद्येची भाषा लॅटिन होतीच. त्यामुळे घरात एक शब्द आणि दरबारात दुसरा, अशी विभागणी झाली, आणि तिचा वास आजही त्या शब्दांना येतो. 'पुट आउट द फायर' ही हाक आहे आणि 'एक्स्टिंग्विश' ही सूचनाफलकावरची भाषा आहे. आपल्याकडेही 'आग विझवा' आणि 'अग्निशमन करावे' यांत हेच अंतर आहे.

वेदपाठींच्या मुद्द्याला जोडून सांगतो : जुन्या इंग्रजीतही हे शब्द बहुधा क्रियापदाच्या पुढे चिकटत असत. 'विथस्टँड', 'ओव्हरकम', 'अपहोल्ड' हे त्याचे अवशेष आहेत. पुढे मध्ययुगीन इंग्रजीत ते सुटे होऊन मागे सरकू लागले. त्यामुळे काही ठिकाणी दोन्ही रूपे जिवंत राहिली आणि अर्थ मात्र फुटले. 'ओव्हरलुक' म्हणजे नजरेतून सुटणे आणि 'लुक ओव्हर' म्हणजे नजर घालणे. 'अपहोल्ड' म्हणजे निर्णय कायम ठेवणे, ज्याला आपण 'उचलून धरणे' म्हणतो, आणि 'होल्ड अप' म्हणजे खोळंबा करणे. 'टेक ओव्हर' म्हणजे ताबा घेणे, 'ओव्हरटेक' म्हणजे मागून येऊन पुढे जाणे.

शिवाय 'पोस्टपोन'च्या पोटात काय आहे ते पाहा. लॅटिनमध्ये 'पोस्ट' म्हणजे नंतर आणि 'पोनेरे' म्हणजे ठेवणे. म्हणजे तोही एके काळचा 'पुट' अधिक अव्ययच आहे. शिवण आतल्या बाजूला असल्यामुळे आपल्याला तो अखंड कापडासारखा दिसतो, इतकेच.

आणि या जोड्यांनी हैराण होणारे आपण पहिले नाही. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत क्रियापदामागे लागणाऱ्या या शब्दांचा मुद्दाम उल्लेख केला आहे आणि परकीयांना सर्वाधिक अडचण यांचीच होते असे म्हटले आहे. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत 'ब्रेक ऑफ', 'बेअर आउट', 'सेट आउट' आहेत, आणि तुमचा आमचा 'टेक ऑफ'ही आहे. मात्र त्या काळी विमाने नसल्यामुळे तेथे त्याचा अर्थ नक्कल करणे असा दिलेला आहे.

तिरकस

माझी एक शंका मात्र जॉन्सनसाहेबांनाही विचारली असती. गजर 'गोज ऑफ' म्हणजे वाजायला लागतो आणि दिवा 'गोज ऑफ' म्हणजे बंद पडतो. पहाटे अंधारात गजर आणि दिवा एकदम 'ऑफ' गेले तर माणसाने उठावे की झोपावे?

अनुवादिका

'ऑफ'च्या मुळाशी सुटणे, अलग होणे आहे. 'ऑफ' आणि षष्ठीसाठी वापरला जाणारा 'ऑव्ह' हे मुळात एकच शब्द होते, नंतर वेगळे झाले. दिवा प्रवाहापासून अलग होतो म्हणून विझतो. गजर किंवा बंदूक ज्या दाबून ठेवलेल्या अवस्थेत असते तिच्यापासून सुटते म्हणून वाजते. आपणही 'गोळी सुटली' म्हणतो आणि 'वारा सुटला' म्हणतो; त्याच 'सुटणे'ने कार्यालयही सुटते, म्हणजे बंद होते. तेव्हा तिरकस यांनी उठावे.

अर्धविराम

चर्चा फ्रेझल व्हर्ब्जभोवतीच फिरते आहे, परंतु माझ्या पाहण्यात रोजच्या लेखनातील चुका त्यांत कमी आणि साध्या प्रेपोझिशनमध्ये अधिक होतात. कारण तेथे आपली विभक्ती गुपचूप काम करत असते. 'माझ्यावर रागावला' म्हणून 'अँग्री ऑन मी', 'तिच्याशी लग्न केले' म्हणून 'मॅरीड विथ हर', 'त्याच्यावर विश्वास आहे' म्हणून 'बिलीव्ह ऑन हिम'. इंग्रजीत अनुक्रमे 'विथ', काहीच नाही आणि 'इन'. उलट 'मला समजावून सांग' यात 'मला' एका शब्दात आटोपते, म्हणून 'एक्स्प्लेन मी' असे लिहून 'टू' गाळला जातो.

सर्वांत हट्टी चूक 'डिस्कस अबाउट'ची आहे. मी स्वतः अनेक वर्षे ती करत होतो.

रानवारा

'डिस्कस अबाउट'ला चूक म्हणणे मला कधीच पटलेले नाही. 'टॉक अबाउट' चालते, 'डिस्कशन अबाउट' चालते, मग 'डिस्कस'नेच काय घोडे मारले आहे?

अर्धविराम

तुमच्या प्रश्नातच उत्तर दडलेले आहे. 'डिस्कशन' हे नाम आहे. नामाला कर्म घेता येत नाही, म्हणून त्याला 'अबाउट'चा हात धरावा लागतो. 'डिस्कस' हे सकर्मक क्रियापद असल्यामुळे ते कर्म थेट उचलते. एकदा ही जोडी दिसली की तिच्या बहिणी रांगेने दिसू लागतात. 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह' पण 'टू रिक्वेस्ट लीव्ह'. 'अ डिमांड फॉर चेंज' पण 'टू डिमांड चेंज'. 'एम्फसिस ऑन' पण 'एम्फसाइझ'च्या पुढे काही नाही. 'एन्ट्री इन्टू द रूम' पण 'एन्टर द रूम'. 'इन कॉन्टॅक्ट विथ हिम' पण 'कॉन्टॅक्ट हिम'. आपण नामाबरोबर शिकलेले अव्यय क्रियापदाच्या गळ्यात अडकवतो, एवढाच हा घोटाळा आहे. नियम शंभर टक्के नाही, कारण 'डिपेन्डन्स ऑन' आणि 'डिपेन्ड ऑन' दोन्हीकडे 'ऑन' आहे. परंतु माझ्या निम्म्या चुका या एका गोष्टीने गेल्या.

रानवारा

हे मात्र पटले. आजवर कोणीही 'चूक आहे' याच्या पलीकडे काही सांगितले नव्हते.

पायवाट

मी लहान मुलांना खेळ शिकवते आणि तेथे मला 'टू' आणि 'ॲट' यांतला फरक कळला. 'थ्रो द बॉल टू हिम' म्हटले की मूल झेलता येईल असा चेंडू टाकते. एकदा माझ्या तोंडून 'थ्रो इट ॲट हिम' निघाले आणि त्या मुलाने समोरच्याच्या पोटावर नेम धरला. चूक माझी होती, त्याला इंग्रजी माझ्यापेक्षा चांगले येत होते. 'टू'मध्ये समोरचा घेणारा असतो, 'ॲट'मध्ये तो लक्ष्य असतो. 'शाउट टू हर' म्हणजे लांबून ऐकू जावे म्हणून ओरडणे आणि 'शाउट ॲट हर' म्हणजे तिच्यावर ओरडणे. 'लाफ ॲट'मध्येही तोच बाण आहे.

जुना_मास्तर

उत्तम निरीक्षण आहे. याच 'ॲट'चा आणखी एक गुण असा की नेम लागला की नाही हे तो सांगत नाही. 'ही शॉट द बर्ड' म्हणजे पक्ष्याला गोळी लागली. 'ही शॉट ॲट द बर्ड' म्हणजे झाडली एवढेच निश्चित.

वेदपाठी

थोडे अवांतर, पण विषयाला धरूनच. 'विथ' या शब्दाचा जुन्या इंग्रजीतील एक प्रमुख अर्थ 'विरुद्ध' असा होता आणि 'विथस्टँड'मध्ये तो आजही टिकून आहे. म्हणूनच 'फाइट विथ' म्हणजे एखाद्याच्या बाजूने लढणे की त्याच्याविरुद्ध, हे संदर्भाशिवाय कळत नाही. मराठीने येथे चांगली सोय केली आहे. 'त्याच्याशी लढला' आणि 'त्याच्यासोबत लढला' यांत गोंधळ होत नाही. मात्र 'शी'ची मौजही पाहण्यासारखी आहे, कारण मैत्रीही 'शी'च आणि वैरही 'शी'च.

कोरा_कागद

लॉगिन हा शब्द जोडून लिहावा की तोडून? कामाच्या ठिकाणी यावरून दोन तट पडले आहेत.

अर्धविराम

नाम असेल तर जोडून, क्रियापद असेल तर तोडून. 'युअर लॉगिन' पण 'प्लीज लॉग इन'. 'बॅकअप', 'सेटअप' यांचेही तसेच. उच्चारातही फरक आहे : नामात जोर पहिल्या भागावर येतो आणि क्रियापदात मागच्या शब्दावर. मास्तरांची कानाची खूण येथेही चालते. ज्यांना शंका असेल त्यांनी भूतकाळ करून पाहावा. 'लॉग्ड इन' होते, 'लॉगिन्ड' होत नाही.

कोरा_कागद

धन्यवाद. दोन्ही तटांना हा प्रतिसाद दाखवतो.

तिरकस

वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन येऊ नये, असे आमच्या बाई छडी उगारून सांगत असत. आता या धाग्यावर तर सगळी वाक्ये त्यांनीच संपत आहेत. बाईंना काय सांगू?

जुना_मास्तर

बाईंना सांगा की हा आक्षेप कवी जॉन ड्रायडन यांनी १६७२ साली नाटककार बेन जॉन्सन (वरचे कोशकार नव्हेत) यांच्या एका ओळीवर घेतला होता. आणि इंग्रजी बोलणारे त्याआधीही तसे बोलत होते, नंतरही बोलत राहिले. 'व्हॉट आर यू लुकिंग ॲट' याला पर्याय म्हणून 'ॲट व्हॉट आर यू लुकिंग' म्हणणारा मनुष्य बरोबर असेल, पण त्याच्याशी फार वेळ बोलवत नाही. शिवाय 'गिव्ह अप'सारख्या जोडीतला शेवटचा शब्द प्रेपोझिशन नसतोच, हे मी वर लिहिलेच आहे. फार औपचारिक लेखनात मात्र जिथे सहज जमते तिथे मी स्वतः तो आत घेतो. सवय जात नाही.

पायवाट

बरेच दिवस झाले, धागा वर काढते आहे. निळी_शाई यांनी शेवटी काय केले हे कळले नाही. याद्या पुन्हा सुरू केल्या का? मूळ प्रश्न तोच होता.

निळी_शाई

विचारलेत ते बरे झाले. यादी बंद केली. पूर्वी माझ्या वहीत डावीकडे 'पुट ऑफ' आणि उजवीकडे 'लांबणीवर टाकणे' असे असायचे. आता फक्त एक अख्खे वाक्य लिहिते, ते प्रत्यक्ष कोठेतरी वाचलेले किंवा ऐकलेले असावे असा दंडक ठेवला आहे, आणि त्यात शक्य तेथे सर्वनाम घालते. 'वुई केप्ट पुटिंग इट ऑफ' एवढे लिहिले की ती जोडी तुटते हेही त्यातच नोंदले जाते. खाली मराठीत अर्थ देत नाही, त्या प्रसंगी मी मराठीत जे म्हटले असते ते वाक्य लिहिते. त्यामुळे 'पुट अप विथ'खाली 'सहन करणे' नाही, तर 'आणखी किती दिवस चालवून घ्यायचे हे' असे आले आहे. आणि त्यातही 'घेणे' आहे हे माझ्या लक्षात आले तेव्हा मला अनुवादिका यांची आठवण झाली.

गटवारी मला फारशी उपयोगी पडली नाही, गणिती यांनी राग मानू नये. नवीन जोडी वाचताना अंदाज करायला ती मदत करते, पण लिहिताना सुचत नाही. नाम आणि क्रियापद यांचा अर्धविराम यांनी सांगितलेला घोटाळा मात्र रोज कामी येतो. परवाच एका मसुद्यातून तीन 'अबाउट' काढले.

अजूनही एक जागा अडते. 'लुक फॉरवर्ड टू'च्या पुढे मी 'मीट यू' लिहिते आणि कोणीतरी ते 'मीटिंग यू' असे दुरुस्त करून पाठवते. 'टू'नंतर क्रियापदाचे मूळ रूप येते ना?

अर्धविराम

हा 'टू' क्रियापदाचा नाही, तो खरा प्रेपोझिशन आहे, आणि त्याच्यापुढे नाम लागते. त्याच जागी 'युअर रिप्लाय' ठेवून पाहा. 'आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय' चालते, म्हणजे क्रियापदही नामाचा वेश घेऊनच आले पाहिजे, म्हणून 'मीटिंग'. 'ऑब्जेक्ट टू' आणि 'बी यूज्ड टू' यांनाही हीच परीक्षा लावावी. 'वॉन्ट टू युअर रिप्लाय' होत नाही, म्हणून तेथे 'वॉन्ट टू मीट'.

जुना_मास्तर

निळी_शाई, वहीची पद्धत फार चांगली आहे. सहज विचारतो, 'गिव्ह अप'चे वाक्य काय लिहिले आहे?

निळी_शाई

पहिल्याच पानावर आहे, मास्तर. 'आय ट्राइड टू लर्न द लिस्ट अँड गेव्ह अप इट.'

तिरकस

मास्तर आता बसूनच राहतील.

निळी_शाई

दिसले, दिसले. 'गेव्ह इट अप.' खोडून लिहिले.